जुन्या काळी चष्म्याला चेष्टेत काय म्हणायचे? आधी काच ठरवा, मग शब्द

ऐरोलीहून एकांनी विचारलंय. ते एकांकिका लिहितायत, काळ १९६८, जागा ठाण्यातली नौपाड्याची चाळ. घरात आजोबा, रिटायर झालेले मास्तर काका, कॉलेजात जाणारी मुलगी आणि तिचा शाळकरी भाऊ. सगळ्यांनाच चष्मा आहे आणि त्यावरून घरात चेष्टा चालते. तर चष्म्याला त्या काळी जे जे गमतीचे शब्द होते ते सगळे द्या, संवादात पेरतो, असं त्यांचं म्हणणं.

मी नौपाड्यातच चष्म्याचं दुकान चालवतो, आधी वडील बसायचे, लहानपणापासून काउंटरवर हेच शब्द ऐकत आलोय म्हणून सविस्तर लिहितो. लांबलंय, पण नाटक लिहिताय तर वाचा.

शब्द देतोच, पण तुमची खरी अडचण शब्दांची नाहीये असं मला वाटतं. अडचण ही आहे की ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ढापण वेगळं, चाळीशी वेगळी, सोडावॉटर वेगळं, आणि नाटकात कुणीही कुणालाही काहीही म्हणालं तर आमच्या पिढीतल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं की हे बाहेरून चिकटवलंय. यातल्या जवळपास प्रत्येक शब्दामागे एक ठरावीक काच आहे, ती काच डोळ्यावर कशी दिसायची त्यावरून तो शब्द आलाय. म्हणून आधी तुमच्या पात्रांचे नंबर ठरवा, मग शब्द आपोआप सुचतील. बाकी मग कोण कुणाला म्हणतंय, घरात म्हणतंय की गल्लीत, त्यावर आहे.

सगळ्यात आधी चाळीशी. हा टिंगलीचा शब्द नाहीच मुळी. "अगं माझी चाळीशी बघितलीस का" हे घरात रोज ऐकू यायचं आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग कडक व्हायला लागतं, जवळचं बघताना त्याला जो फुगवटा घ्यावा लागतो तो घेता येत नाही, मग पेपर लांब धरावा लागतो, सुईत दोरा जात नाही, तांदूळ निवडताना खडा निसटतो. बायका आमच्याकडे पहिल्यांदा येतात त्या सुईदोऱ्याचीच तक्रार घेऊन, पुरुष पेपरची. सुरुवात साधारण प्लस एकपासून होते आणि पंचावन्न-साठपर्यंत अडीचच्या आसपास जाऊन बहुतेकांची तिथेच थांबते. तेव्हा चाळीशी म्हणजे जवळचा चष्मा, प्लसचा, नाकाच्या शेंड्यावर उतरलेला, कारण लांब बघायचं तर वरून बघावं लागतं. शाळकरी मुलाच्या मायनसच्या चष्म्याला कुणी चाळीशी म्हणणार नाही, आणि म्हटलं तर ती मुद्दाम केलेली थट्टा, म्हातारा झालास का रे अशी.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो कारण तुमच्या मास्तरांसाठी ती कामाची आहे. मास्तरांना लहानपणापासून लांबचा नंबर असेल, समजा मायनस तीन, तर ते पन्नाशीतही वाचताना चष्मा लावणार नाहीत, उलट काढतील. कपाळावर सरकवतील नाहीतर हातात धरतील आणि वही डोळ्यांच्या जवळ नेतील. वीतभराच्या थोडं पुढे त्यांना उघड्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. नटाने वाचायला बसताना चष्मा चढवला की मास्तर प्लसवाले, काढला की मायनसवाले, आणि एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच पाळा, मध्येच बदलू नका.

मास्तरांना बायफोकल, म्हणजे वर लांबचं आणि खाली वाचायचं भिंग असलेली काच, द्यायची असेल तर तीही त्या काळात होती. बायफोकलची कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची, १७८४ च्या त्यांच्या एका पत्रात तिचा उल्लेख आहे, पण आमच्या धंद्यात जी चालली ती 'केटी'. केटी म्हणजे क्रिप्टॉक, १९०८ सालची, लांबच्या काचेत खाली दुसऱ्या काचेचं गोल भिंग वितळवून बसवलेलं, बोट फिरवलं तर कड लागत नाही पण तिरकं धरलं की चंद्रासारखी गोलाई दिसते. वरून सरळ रेघ असते ती 'डी'. केटी लावून जिना उतरताना पायऱ्या खालच्या भिंगातून दिसतात आणि धूसर होतात, म्हणून माणूस हनुवटी छातीला टेकवून वरच्या काचेतून पायरी शोधतो. चाळीचा लाकडी जिना तुमच्या नेपथ्यात असणारच, नटाला हे सांगा, एका हालचालीत वय दिसेल.

आता सोडावॉटर. 'सोडावॉटरच्या काचा', 'सोड्याच्या बाटलीचं बूड', हे फक्त मोठ्या नंबराला, आणि खास करून मायनसला. मायनसची काच मध्ये पातळ असते आणि कडेला जाड. तेव्हा भिंगं खरोखर काचेची होती, आज ज्याला आपण साधी प्लास्टिकची काच म्हणतो ते सीआर-३९ अमेरिकेत चष्म्यात आलं १९४७ ला पण आपल्याकडे वडिलांच्या उमेदीच्या काळात काउंटरवर काचच होती, हिरकणीने कापायची, चिमट्याने कडा कुरतडायच्या आणि मग पाणी सोडून दगडावर घासायच्या. काचेची घनता अडीच आणि सीआर-३९ ची एक पूर्णांक तीनच्या आसपास, म्हणजे तेव्हाचा चष्मा आत्ताच्या जवळपास दुप्पट वजनाचा. मायनस आठ-दहाचा चष्मा असेल तर कडेला गोल गोल वळी दिसायची, एकात एक, अगदी गोटीच्या सोड्याच्या बाटलीच्या बुडाला दिसतात तशी, आणि त्यामागे डोळे इवलेसे. चष्मा काढला की नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लालसर खळगे पडलेले असायचे आणि माणूस ते अंगठ्याने आणि बोटाने चोळायचा. हे चोळणं आत्ताच्या मुलांना माहीतच नाही, चष्मे हलके झालेत म्हणून.

लेखक मंडळी एक हमखास करतात, सोडावॉटर म्हणतात आणि वर्णन करतात मोठ्ठाल्या डोळ्यांचं. तसं होत नाही. मायनसमागे डोळा लहान दिसतो, प्लसमागे मोठा. मोठे डोळे हवे असतील तर तुम्हाला आजोबा हवेत, त्यांच्याकडे येतो.

त्याआधी ढापण, कारण भावंडांत तोच चालणार. ढापण म्हणजे मुळात झाकण, घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर बांधतात ती झापड. त्यावरून चष्मा लावणारा मुलगा ढापण्या, मुलगी ढापणी. याला नंबराची अट नाही, अर्धा नंबर असला तरी ढापण, पण शब्दात बोच आहे, तो बरोबरीच्यांनी एकमेकांना म्हणायचा शब्द आहे, भाऊ बहिणीला, गल्लीतली पोरं एकमेकांना. १९६८ च्या घरात मुलगा आजोबांच्या चष्म्याला त्यांच्या तोंडावर ढापण म्हणाला तर कानाखाली बसेल. आजोबा मात्र स्वतःच्याच चष्म्याला म्हणू शकतात, "आण रे माझं ढापण", आणि ते छान वाटतं.

बॅटरी, डबल बॅटरी हाही पोरांचाच. बॅटरी म्हणजे अर्थातच हातातली टॉर्च. मला याचं कारण काचेवर चमकणारा उजेड वाटतं. कोटिंग नसलेल्या काचेच्या दोन्ही बाजू मिळून आठ-एक टक्के उजेड परत फेकतात, संध्याकाळी चाळीच्या गॅलरीतल्या बल्बखाली चष्मेवाला उभा राहिला की डोळ्यांच्या जागी दोन दिवेच दिसायचे. आता एआर म्हणजे चमक मारणाऱ्या कोटिंगमुळे ती चमक गेली, शब्द राहिला. 'चार डोळे' सगळ्या वयांत चालतो, सौम्य आहे. 'चष्मिस' मात्र तुमच्या नाटकात नको, माझ्या कानावर तो खूप नंतर पडायला लागला, हिंदीच्या वाऱ्याने आलेला वाटतो, १९६८ च्या मुलीच्या तोंडी तो खटकेल.

मास्तर इंग्रजी शिकवणारे असतील तर त्यांच्यासाठी एक गंमत देतो. इंग्रजीतले जुने चेष्टेचे शब्दही थेट असेच निघालेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात चष्म्याला 'गिग-लॅम्प्स' म्हणायचे, गिग म्हणजे दोन चाकांची हलकी घोडागाडी, तिच्या दोन बाजूंचे दोन दिवे, म्हणजे आपली डबल बॅटरीच झाली. आणि त्याच्याही आधीपासूनचा 'बार्नॅकल्स', ते अवखळ घोड्याच्या नाकाला लावायच्या चिमट्याचं नाव, कारण जुने चष्मे कानावर काड्या न अडकवता नाकालाच चिमटून बसायचे. तिकडे घोड्याचा चिमटा, इकडे बैलाची झापड. मास्तर पुतण्याला रागावताना "ढापण काय म्हणतोस, गिग-लॅम्प्स म्हण, इंग्रजी तरी सुधारेल" असं म्हणू शकतात. 'चीटर्स' हा शब्द पण सापडेल तुम्हाला, तो अमेरिकन, विसाव्या शतकातला, ठाण्याच्या मास्तरांकडे पोचलेला नसणार. त्यांना 'स्पेक्स' पुरे. मराठीत बोलताना शुद्धीचा आग्रह धरणारे असतील तर 'उपनेत्र'. हा लिहिण्यातला शब्द, बोलण्यात आला की माणूस एकतर पंतोजी असतो नाहीतर थट्टा करत असतो. त्यांच्याकडून "माझी उपनेत्रे" एकदाच येऊ दे, दोनदा आलं की कंटाळा येईल.

इथपर्यंत थोडक्यात असं झालं की चाळीशी घरातली आणि प्लसची, सोडावॉटर मोठ्या मायनसची, ढापण-बॅटरी बरोबरीच्या पोरांत आणि उपनेत्र मास्तरांचं.

आता आजोबा. आजोबांचं वय तुम्ही लिहिलं नाहीये, सत्तरीच्या पुढचे असतील आणि मोतीबिंदू काढलेला असेल तर त्यांचा चष्मा नाटकातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू होऊ शकते. तेव्हा ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकायचे आणि त्या जागी काही बसवायचे नाहीत. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची पहिली शस्त्रक्रिया हॅरोल्ड रिडली यांनी लंडनला १९४९ ला केली खरी, पण आपल्या सामान्य माणसापर्यंत ती यायला चाळीसेक वर्षं गेली, मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ती भिंगं स्वस्तात बनवायला सुरुवात केल्यावर गोष्ट पार बदलली. म्हणजे १९६८ च्या आजोबांना ऑपरेशननंतर प्लस दहाच्या आसपासचा चष्मा. मध्ये फुगीर, जड, आणि त्यामागे डोळे हे एवढे मोठे. शेजारची लहान पोरं घाबरायची त्या डोळ्यांना.

त्या चष्म्यातून जग कसं दिसायचं ते मला जुन्या गिऱ्हाइकांनी इतक्या वेळा सांगितलंय की ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळं साधारण पाव पट मोठं दिसतं, म्हणून जवळ असल्यासारखं वाटतं, माणूस कपासाठी हात पुढे करतो आणि हात कपाच्या अलीकडेच थांबतो. दाराची चौकट वाकडी दिसते. आणि काचेच्या कडेला सगळीकडून एक आंधळा पट्टा असतो, कडेने कुणी आलं तर आधी दिसतच नाही आणि मग एकदम समोर उगवतं. चष्मा काढला तर पुढ्यातल्या माणसाचा चेहराही ओळखू येत नाही. म्हणून ही माणसं चष्मा रात्री उशाशी एकाच जागी ठेवायची, चष्म्याच्या घरात, आणि घरातलं कुणी ते घर हलवलं तर सकाळी खरंच घाबरायची. त्यांना खडूस म्हणून रंगवू नका एवढी विनंती आहे. ती चिडचिड नव्हती, न दिसण्याची भीती होती. आजोबांच्या चष्म्याची घरात चेष्टा दाखवायचीच असेल तर आजोबांनाच करू द्या.

फ्रेम कुठली हेही विचारलंय. मास्तरांना काळी जाड शेल फ्रेम. आजोबांना गोल धातूची, कानामागे तार वळणारी, लोक तिला गांधी चष्मा म्हणायचे. पैशावाल्या शेजाऱ्याला रोल्ड गोल्डच्या काड्या. आणि एक काडी मोडली की ती बदलण्याआधी कित्येक महिने दोरा बांधून चालवायचे, हे अजिबात अतिशयोक्त नाही, आजही माझ्याकडे असे चष्मे दुरुस्तीला येतात, नाकाच्या पॅडजवळ घामाने चढलेलं हिरवं कीट, स्क्रूच्या जागी टाचणी वाकवून घातलेली, आणि बरोबर आलेली सून म्हणते "नवीन घ्या सांगून दमलो". भाऊ मोठा करून वागळे इस्टेटला कारखान्यात लावलात तर तिथल्या डोळे झाकणाऱ्या चष्म्याला तो गॉगलच म्हणेल.

मुलीबद्दल मात्र तुम्ही एका ओळीत आटोपलंय आणि खरं नाटक मला तिथे दिसतं. त्या काळात मुलीला चष्मा लागणं ही घरात काळजीची गोष्ट होती. बघायला येणार असले की आई आधी चष्मा उतरवायला लावायची, मग मुलगी पोह्याची ताटली घेऊन अंदाजाने चालत बाहेर यायची आणि समोर बसलेल्यांतला मुलगा कोण हेच तिला नीट दिसायचं नाही. मायनस चारची मुलगी पंचवीस सेंटीमीटरच्या पलीकडे धूसरच बघते. डोळे बारीक केले तर थोडं दिसतं पण ते करायला आईची बंदी, तोंड वाकडं दिसतं म्हणून. लेन्स लाव म्हणायचीही फारशी सोय नव्हती, सॉफ्ट लेन्स अमेरिकेतच १९७१ ला बाजारात आल्या. तिला भाऊ एरवी ढापणी म्हणतो आणि त्या दिवशी तोच शब्द आई घाबरून कुजबुजते, "पाहुण्यांसमोर ढापण नको हं", हे बघा कसं वाटतंय. मला अजूनही राग येतो या गोष्टीचा, कारण लग्न ठरलंय म्हणून पटकन चष्मा घालवून द्या असं सांगत मुलींना घेऊन येणारे पालक आजही येतात. जाता जाता, ही मुलगी १९६८ ला ठाण्यातच कॉलेजला जाते असं लिहिलं असेल तर बदला, विद्या प्रसारक मंडळाचं कॉलेज १९६९ ला सुरू झालं, तिला लोकलने मुंबईला पाठवा. उलट बरंच आहे ते, चष्मा पर्समध्ये ठेवून गाडीवरचं नाव वाचता न येणारी मुलगी प्लॅटफॉर्मवर शेजारणीला "ही जलद का हो?" विचारते, एवढ्यात सगळं आलं.

नंबराबद्दल बोलताना पात्रं पॉइंटात बोलू देऊ नका. पॉइंट सेव्हन फाइव्ह आम्ही कागदावर लिहितो, तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणायचं पाऊण नंबर, सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन. "डाव्या डोळ्याला सव्वा आणि उजव्याला दीड लागलाय" हे वाक्य कानाला लगेच त्या काळाचं वाटतं. आणि चष्मा 'लागतो', 'होत' नाही.

तुमच्या घरात पणजोबांचा चष्मा पडलाय असं लिहिलंयत, तो नक्की कसला हे घरीच कळेल. डोळ्यांच्या जवळच धरा, त्यातून खिडकीची उभी चौकट बघा आणि चष्मा हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा. चौकट चष्म्याबरोबर त्याच बाजूला सरकली तर मायनस, उलट बाजूला पळाली तर प्लस. अजिबात हलली नाही तर साधी काच. चष्मा गोल फिरवताना चौकट कात्रीसारखी तिरपी झाली तर त्यात सिलिंडरचा, म्हणजे तिरपा, नंबर पण आहे. प्लस निघाला तर दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ काच धरून बाहेरच्या झाडांची उलटी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट पडेपर्यंत मागेपुढे करा आणि काच ते भिंत अंतर मोजा. पन्नास सेंटीमीटर आलं तर प्लस दोन, म्हणजे साधी चाळीशी. दहा सेंटीमीटर आलं तर प्लस दहा, पणजोबांचा मोतीबिंदू काढलेला होता.

शेवटचं रंगमंचाचं. नुसती रिकामी फ्रेम घालू नका, पुढच्या रांगांना काच नाही हे कळतं आणि चेहरा खोटा वाटतो. पण साधी काच घातली तर स्पॉटचा उजेड तिच्यावर येऊन नटाचे डोळेच दिसत नाहीत. प्लेन नंबरची एआर कोटिंगवाली काच बसवा आणि दिसायला अडथळा आलाच तर काड्या कानापाशी किंचित वर उचला, काच थोडी खाली झुकते आणि चमक प्रेक्षकांकडे जात नाही. मास्तरांची मायनसची जाडी दाखवायची असेल तर फ्रेमच लहान आणि जाड काठाची घ्या. आजोबांच्या नटाला मात्र खरा प्लस दहाचा चष्मा घालून तालीम करू देऊ नका, धडपडेल आणि डोकं दुखेल. त्याला एकदाच, खुर्चीत बसवून, तो चष्मा लावून समोरचा कप उचलायला सांगा. हात कुठे थांबतो ते त्याने लक्षात ठेवायचं, प्रयोगाला प्लेन काच.